टेराहर्ट्झच्या स्फटिकावरचा डाग

मी एक जुना स्फटिक आहे, मित्रांनो, आणि खरे सांगतो, सध्या फार वैतागलो आहे. माझे नाव लिथियम निओबेट. नाव जड असले तरी मी काडेपेटीएवढाच आहे. भट्टीतल्या वितळलेल्या रसात एक इवलासा बीजस्फटिक बुडवून मला सावकाश वर ओढले, वाढवले. मग तिरपे कापले, घासून चकचकीत केले आणि एका प्रयोगशाळेतल्या पोलादी टेबलावर बसवले.

माझे काम ऐका. माझ्यावर लेझरचा झोत पडतो तो इतक्या अल्प काळाचा, की त्याच्यापुढे पापणी लवणे म्हणजे युग. त्याचा थोडा भाग मी टेराहर्ट्झ लहरींत बदलतो. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. कागदातून, कापडातून त्या आरपार जातात, पण पाण्यापुढे त्यांचे काही चालत नाही. माझ्या पोटात प्रकाश पुढे पळतो आणि लहर मागे रेंगाळते. दोघांची चुकामूक होऊ नये म्हणून झोत आधीच तिरपा करून पाठवतात. तसे जमले की लहरीला जोर चढत जातो आणि दणदणीत स्पंद बाहेर पडतो. आठ वर्षे मी हेच केले. पाहुणे आले की प्रयोगशाळेचे सर मला दाखवून म्हणत, "हा आमचा हुकमी एक्का!"

सरांच्या विद्यार्थिनीला सगळे ताई म्हणतात. तिच्या प्रबंधाचे एकच मापन राहिले होते. एका पातळ पापुद्र्यावर जोरदार स्पंद सोडायचा आणि त्यातले अणू कसे डोलतात ते पाहायचे. स्पंद जरा जरी दुबळा पडला तरी पापुद्रा ढिम्म हलत नाही. लेझर तिच्या वाट्याला आठवडाभरच होता. पुढची पाळी थेट सहा महिन्यांनी.

सोमवारी सकाळी तिने माझ्यावरची धूळ उडवली. आमच्याकडे रीतच आहे. माझ्याभोवतीच्या बंद पेटीत कोरडी हवा सोडणारी नळी काढायची, तिच्यातल्या हवेने माझ्यावर फुंकर मारायची आणि नळी परत जागेवर खोचायची. ताईने मला अगदी मायेने साफ केले. तेवढ्यात तिच्या आईचा फोन आला. बोलता बोलता तिने पेटीचे झाकण लावले आणि नळी टेबलामागे तशीच लोंबकळत राहिली.

पेटीत दमट हवा भरली. मी स्पंद पूर्ण जोराने सोडत होतो, पण हवेतले बाष्प तो वाटेतच गिळत होते. संगणकावरच्या लहरींच्या आलेखात जागोजागी खड्डे पडले. असे खड्डे बाष्पामुळे पडतात, हे ताईनेच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात लिहिले आहे! दमटपणा दाखवणारे यंत्रही होते, पण त्यावर "सेल बदलणे" अशी चिठ्ठी चिकटवून दोन महिने झाले होते.

"सर, सिग्नल पडलाय हो," ताई म्हणाली. "आणि खड्डेही दिसतायत."

"स्फटिक म्हातारा झालाय गं. खड्ड्यांचं नंतर बघू, आधी लेझरची पॉवर वाढव."

रोग हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला! "अहो, टेबलामागे बघा!" असे मला ओरडावेसे वाटत होते. पण मला तोंड कुठे आहे? तीन दिवस पॉवर वाढत गेली. चौथ्या दिवशी माझ्या अंगात चर्र झाले आणि समोरच्या बाजूला पांढरा डाग उमटला. सरांनी नोंदवहीत लिहिले, "स्फटिक निकामी." आठ वर्षांच्या सेवेची दोन शब्दांत बोळवण. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मला खोलायला कार्यशाळेतले फिटरकाका आले. पाना खाली पडला म्हणून वाकले आणि तिथूनच म्हणाले, "ताई, ही नळी कशाची? नुसतीच हवा सोडत बसलीय."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने नळी खोचली, अर्धा तास थांबली, मला जरा बाजूला सरकवून झोत डागाशेजारी घेतला. आलेखातले खड्डे भरून आले. स्पंद वर चढला, आणखी चढला, आणि पापुद्रा हलवायला लागणाऱ्या जोराच्या थोडा खाली थांबला. डागाने माझी चांगली जागा खाल्ली होती. मी जीव तोडून प्रयत्न केला, मित्रांनो. दोन दिवस तिने सगळे आरसे पुन्हा पुन्हा जुळवले. पापुद्रा हलला नाही. शनिवारी दुसऱ्या गटाने लेझर ताब्यात घेतला.

"सर, नळी मीच काढली होती," ताई म्हणाली.

"पॉवर वाढव मीच म्हणालो होतो," सर पुटपुटले.

ताईने नोंदवहीतली त्यांची ओळ खोडली आणि खाली लिहिले, "स्फटिक ठणठणीत होता. आम्ही जाळला."

हे वाचून माझा राग निवला, असे म्हणालो तर ते खोटे ठरेल. तिचे सहा महिने गेले आणि मी कापसात गुंडाळून डबीत पडलो आहे. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगतो, काही बिघडले तर यंत्राला नावे ठेवण्याआधी आपण शेवटचा हात कशाला लावला होता, तेवढे आठवून पाहा. आम्हाला ते माहीत असते, पण सांगता येत नाही.