पोवळ्याची साक्ष

गंगव्वानं मत्स्यालयाच्या काचेला कपाळ टेकवलं आणि दोन्ही हातांचा आडोसा डोळ्यांभोवती धरला. मागच्या गर्दीचं प्रतिबिंब हटलं, तेव्हा कुठं आतलं दिसायला लागलं. पिवळे, चपटे मासे इकडून तिकडं जात होते. तळाला वाळू होती आणि वाळूत पांढऱ्या फांद्या उभ्या केल्या होत्या. वाळलेल्या, पानं नसलेल्या.

"ह्येच काय गं?" तिनं विचारलं.

 तिची लेक विशाखा टाकीवरची पाटी वाचत होती.

"मोठ्यानं वाच की."

"प्रवाळ. म्हंजे पोवळं."

"आन् पुढं?"

"पुढं काय न्हाय."

गंगव्वाचा धाकटा भाऊ मष्णू मागं दोघींची पिशवी धरून उभा होता. तो गोदीत कामाला होता आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून आला होता. "आक्का, फुडच्या टाकीत कासव हाय," तो म्हणाला. "लई मोठं."

"कासव बघाय आलो न्हाय आपुण."

सहा डिसेंबरला दादरला यायचं हे दर वर्षाचं होतं. निपाणीहून एस.टी.नं कोल्हापूर, तिथून रेल्वे. चैत्यभूमीवर माथा टेकवायचा आणि मिळेल त्या गाडीनं परतायचं, कारण तंबाखूच्या वखारीत खाडा चालत नसे. यंदा मात्र गंगव्वा एक दिवस जास्त राहिली होती. नवऱ्यानं, देवाप्पानं, विचारलं होतं, "पोवळं बघाय मुंबईला? डोकं ठिकाणावर हाय काय तुझं?" त्यावर तिनं पिशवी भरायला घेतली होती.

गोष्ट सहामाही परीक्षेपासून सुरू झाली होती. सजीव आणि निर्जीव वेगळे करा, असा प्रश्न होता. सातवीतल्या विशाखानं पोवळं सजीवांत लिहिलं आणि मास्तरांनी त्यावर लाल फुली मारली. ती वही घेऊन विचारायला गेली. वाचनालयातल्या पुस्तकात पोवळं हा प्राणी आहे असं वाचल्याचं तिनं सांगितलं. मास्तर म्हणाले, पुस्तकात कुणीही काहीही छापतं. ती म्हणाली, मग शाळेचं पुस्तक तरी कशावरून खरं? त्या प्रश्नावर सगळं बिनसलं. 'पोवळे निर्जीव आहे' हे शंभर वेळा लिहून आणल्याशिवाय वर्गात पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम झाला. विशाखानं एकही ओळ लिहिली नाही.

देवाप्पा म्हणाला होता, "लिहून टाक की. हात झिजतोय काय?" गंगव्वालाही तेव्हा तसंच वाटलं होतं. मग एके दिवशी दुपारच्या सुट्टीत ती वखारीतून घरी निघाली असताना शाळेवरून गेली. सातवीच्या खिडकीबाहेर विशाखा उभी होती. वही भिंतीला टेकवून, टाचा उंच करून, फळ्यावरचं एकेक अक्षर उतरवून घेत होती. 

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांना भेटली. मास्तरांनी भर वर्गात उजव्या हाताची अंगठी तिच्यापुढं धरली. "हे पोवळं. नवरत्नांतलं. चार वर्षं बोटात आहे. अजून तरी मला चावलं नाही." पोरं हसली. पोवळं सजीव की निर्जीव, हे गंगव्वाला ठाऊकच नव्हतं.

घरी येताना तिनं लेकीला विचारलं होतं, "तुला नक्की म्हाईत हाय?"

"व्हय."

"तू बघिटलंयस?"

"न्हाय."

"मग बघू या."

आणि आता ते असं होतं. विशाखानं पुस्तकात रंगीत चित्र पाहिलं होतं. लाल, शेंदरी, पाण्यात डुलणारं. इथल्या फांद्या हाडांसारख्या होत्या. मासे अंगाला घासून गेले तरी हलत नव्हत्या.

"बाई, काच सोडा. डाग पडतात."

खाकी कपड्यांतला एक म्हातारा रखवालदार जवळ आला. आला आणि लागोपाठ दोनदा शिंकला. नाक पुसत म्हणाला, "तपकीर ओढता काय?"

"तंबाखू चाळते. निपाणीला." गंगव्वा काचेपासून दूर झाली. लुगडं कितीही धुतलं तरी तो वास जात नसे. "बाबा, ह्ये जितं हाय न्हवं?"

"मासे? जिवंतच आहेत की."

"मासं न्हवंत. ह्ये पांढरं."

"ते होय?" म्हातारा हसला. "ते मेलेलं आहे. शोभेला ठेवलंय. महिन्यातनं एकदा बाहेर काढून ब्रशनं घासतो मी. नाहीतर हिरवं पडतं."

विशाखाची मान खाली गेली. अकरा दिवस वर्गाबाहेर उभं राहूनही ती अशी गेली नव्हती. मष्णूनं भाचीच्या खांद्यावर हात ठेवला. "चल बाळ. भाईर भेळ खाऊ या. एवढ्या लांब आलायसा, घटकाभर समुद्रावर तरी बसून जावा."

गंगव्वा हलली नाही.

"काय म्हणालासा, बाबा? मेल्यालं?"

"हो."

"म्हंजे ते मेलं."

"हो, बाई. मेलं. किती वेळा सांगू?"

"मग मरायच्या आदी काय हुतं?"

म्हाताऱ्यानं टोपी मागं सारून डोकं खाजवलं. असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा. "आधी समुद्रात होतं. तेव्हा जिवंत असतं. त्याच्या अंगभर बारीक बारीक जीव असतात, तांदळाच्या कणीएवढे. हे घर त्यांनीच बांधलेलं. पाण्यातनं वर काढलं की मरतात, आणि मग असा वास सुटतो म्हणता! हे आणलं तेव्हा आठ दिवस मागच्या खोलीत कुणाला उभं राहवत नव्हतं."

"वास सुटतोय?"

"सुटणारच. मेल्यावर कुणाचा सुटत नाही?"

गंगव्वा लेकीकडं वळली. वखारीत चाळण्यांच्या आवाजावर बोलायची सवय असल्यामुळं तिचा आवाज मुळातच मोठा होता. त्या अंधाऱ्या, थंड दालनात तो या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला.

"ऐकलंस न्हवं, इशाखा? आगं, दगूड कधी मरतोय व्हय? दगडाला कधी वास सुटतोय?"

चार माणसं वळून पाहायला लागली. विशाखानं मान वर केली. मग ती टाकीजवळ गेली आणि त्या पांढऱ्या फांद्यांकडं नव्यानं बघत राहिली. 

"बाबा, ह्ये लिवून देता काय?" गंगव्वानं विचारलं.

"मला लिहिता आलं असतं तर काचा पुसल्या असत्या काय?" म्हातारा म्हणाला. "साहेब वर बसतात. त्यांना भेटा."

साहेब भला माणूस होता. त्यानं तिघांना बसायला सांगितलं, विशाखाचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, आणि टाळी वाजवावी तशी टेबलावर थाप मारली. "शंभर टक्के बरोबर. प्रवाळ हा प्राणीच. कोण म्हणतं निर्जीव?" त्यानं एक कोरा कागद ओढला, पेनचं टोपण काढलं. "शाळेचं नाव सांग."

विशाखानं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"निपाणी." साहेब थांबला. "निपाणी म्हणजे कर्नाटकात, नाही का?"

"सरकारदरबारी," मष्णू म्हणाला.

साहेबानं टोपण पेनला परत लावलं. "मग जरा अडचण आहे. दुसऱ्या राज्यातल्या शाळेला मी परस्पर लिहू शकत नाही. तुमच्या शाळेनं त्यांच्या खात्याला विचारावं, त्यांनी आमच्या खात्याला विचारावं. मग मी आनंदानं लिहीन." कागद त्यानं पुन्हा गठ्ठ्यावर ठेवला. दारापर्यंत पोचवायला आला तेव्हा कौतुकानं म्हणाला, "मराठी मात्र चांगलं बोलता तुम्ही."

"मग काय बोलाय पायजे हुतं?" गंगव्वानं विचारलं आणि जिना उतरायला लागली.

रेल्वेत विशाखा एकदाच बोलली. मिरज मागं पडल्यावर. "आई, कागद न्हाय मिळाला."

"न्हाय मिळाला," गंगव्वा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती वखारीत न जाता लेकीबरोबर शाळेत गेली. हेडमास्तरांना निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि त्यांना शाळेत कसलाही गलका नको होता. त्यांनी कागद आधीच तयार करून ठेवला होता. शेजारी शाईचा पॅड. खिडकीपाशी विज्ञानाचे मास्तर हाताची घडी घालून उभे होते.

"बाई, मी तोडगा काढलाय," हेडमास्तर म्हणाले. "शंभर वेळा लिहायचं माफ. तुम्ही इथं अंगठा करा आणि मुलगी आत्तापासून वर्गात बसेल. वार्षिक परीक्षेला तीन-चारच महिने उरलेत. तिचं नुकसान कुणालाच नको."

गंगव्वानं अंगठा पॅडवर दाबला. वखारीच्या कागदांवर ती असाच दाबत आली होती. तिथं दिवाणजी बोट ठेवत त्या जागी. कागदाकडं नेता नेता तिचा हात थांबला.

"वाचून दावा की, सर."

"नेहमीचंच आहे."

"तरी बी."

हेडमास्तरांनी चष्मा लावला. "माझ्या मुलीने वर्गात शिक्षकांशी उद्धट वर्तन केले. त्याबद्दल मी माफी मागते. पुन्हा असे घडणार नाही."

"ह्यात पोवळ्याचं काय न्हाय."

"पोवळ्याचा विषय संपला, बाई."

"संपला कसा? आमी बघून आलोय न्हवं." तिनं शाई लागलेला अंगठा वर तसाच धरला आणि डाव्या हातानं कागद टेबलावर पालथा केला. मागची बाजू कोरी होती. "इशाखा, सरांचं पेन घे. लिव."

विशाखानं हेडमास्तरांकडं पाहिलं. त्यांनी पेन दिलं नाही, पण ते उचलणारा तिचा हातही धरला नाही.

"मी, गंगव्वा देवाप्पा मधाळे, ऱ्हाणार निपाणी," गंगव्वा सांगायला लागली. मधे थांबत, एकेक शब्द तोलत, "मुंबईला जाऊन माज्या डोळ्यांनी पोवळं बघिटलं. ते मेल्यालं हाय. आदी जितं हुतं. पाण्याभाईर काडलं म्हणून मेलं. त्येला वास सुटलता. दगडाला वास सुटत न्हाय. माजी पोरगी खरं बोलली."

खिडकीपाशी मास्तर हसले. "मेलेलं बघून यायचं आणि जिवंत म्हणून साक्ष द्यायची!"

गंगव्वा पहिल्यांदाच त्यांच्याकडं वळली. "व्हय, मास्तर. मेल्याशिवाय तुमचा इस्वास बसत न्हाय, त्याला मी काय करू?"

 बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते.

"झालं लिहून," विशाखा म्हणाली.

"वाच."

"मी, गंगव्वा देवाप्पा मधाळे, राहणार निपाणी. मुंबईला जाऊन माझ्या डोळ्यांनी पोवळे पाहिले..."

"थांब. काय म्हणलीस?"

"पोवळे पाहिले."

"मी काय सांगिटलं?"

 विशाखा हळूच म्हणाली, "बघिटलं."

"मग तसंच लिव."

"बाई," हेडमास्तर आता पुढं झाले, "शाळेच्या कागदावर असली भाषा चालत नाही. तिनं शुद्ध लिहिलंय, राहू द्या."

"मग अंगठा कुणाचा घेणार, सर? शुद्ध भाषेचा?"

 विशाखानं 'पाहिले' वर आडवी रेघ मारली आणि वर 'बघिटलं' असं लिहिलं. मग ती पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू झाली. 'राहणार' खोडून 'ऱ्हाणार', 'मेलेले' खोडून 'मेल्यालं', 'होते' खोडून 'हुतं'. खोडाखोडीनं कागद भरून गेला. गंगव्वा शेजारी उभी राहून रेघ न् रेघ बघत होती, जणू तिला वाचता येत होतं.

अंगठ्यावरची शाई तोवर सुकली होती. तिनं पॅड पुन्हा जवळ ओढला, अंगठा नीट घोळवला, आणि लेकीनं दाखवलेल्या जागी दाबून धरला.

हेडमास्तरांनी हात पुढं केला.

"वल्लं हाय अजून," गंगव्वा म्हणाली. "पुसंल."

तिनं कागद दोन्ही हातांत धरला, आणि शाई वाळेपर्यंत त्या दोघी तिथंच उभ्या राहिल्या.