खिडकी वगळून

मित्रांनो, मी जळगावातल्या एका पेठेच्या बागेतली क्रीडाभवनाची इमारत आहे. परवा बागेच्या कमिटीने मला पाडायचा ठराव एकमताने मंजूर केला. तसं काही झालेलंच नाही असं धरून मी पहिल्यापासून सांगते.

१९४९ साली मला बांधायला भडगावहून तोताराम मिस्त्री आले. पुढे दगडी खांबांची ओसरी, वर जाड धाबं, आत मुलींना लेझीम खेळता यावी एवढं दालन, आणि नकाशात आठ खिडक्या. मिस्त्रींनी मात्र जन्मभर केळी पिकवायच्या खोल्याच बांधल्या होत्या. त्या खोल्यांत कच्चे घड रचून धुरी देतात आणि दार लिंपून घेतात. तेव्हा आठ खिडक्या ही नकाशा काढणाऱ्याची चूक असणार, असं समजून त्यांनी ती भल्या मनाने दुरुस्त केली. कमिटीचे अध्यक्ष, केळीचे व्यापारी मोतीलाल शेठ यांनी विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "खिडक्या ठेवात ते बठ्ठा धूर निंघी जाई ना, शेठ."

उद्घाटनाला पेठेतल्या शाळेच्या सुंदरबाई तीस मुली घेऊन आल्या. मुलींना खेळायला डोक्यावर छप्पर हवं, म्हणून त्यांनीच दोन वर्षं कमिटीकडे खेटे घातले होते. एप्रिल महिना होता. दहा मिनिटांत मुली घामाघूम होऊन ओसरीवर येऊन बसल्या. दोघींना तर घेरी आली. मग मोतीलाल शेठ आत जाऊन आले. त्यांचा चेहरा उजळला होता. इथून नशिराबादपर्यंत इतकी कोंदट खोली दुसरी नाही, असं ते म्हणाले. माझं झालेलं हे पहिलं कौतुक.

चार दिवसांपुरते म्हणून शेठनी आपले कच्चे घड माझ्यात ठेवले. ते असे एकसारखे पिकले की लोक बघायला आले. मग ते चार दिवस आठ वर्षं चालले. सुंदरबाई दर महिन्याला एका खिडकीचा अर्ज द्यायच्या. हा माल निघाला की बघू, असं उत्तर यायचं. माल निघायचा आणि त्याच दाराने दुसरा यायचा. मुली बाहेर उन्हात खेळायच्या. मी त्यांना सावली द्यायचे, पण ती कुठे पडावी हे माझ्या हातात नव्हतं. दुपारी ती नेमकी गटारावर पडायची.

शेवटी एका रविवारी, जुना माल निघून नवा यायचा होता तेव्हा, सुंदरबाई भडगावहून थकलेल्या तोताराम मिस्त्रींनाच घेऊन आल्या. मिस्त्रींनी माझ्या भिंतीवरून हात फिरवला.

"मन्या बठ्ठ्या खोल्यास्मा हाई नामी शे, अक्का."

"म्हणूनच तुम्हाला आणलं, आबा," सुंदरबाई म्हणाल्या. "दुसरा कोणी तिला दुखवील."

मिस्त्रींनी छिन्नी उचलली आणि पूर्वेच्या भिंतीत एक खिडकी पाडली. त्या दिवशी मुली माझ्यात अंधार पडेपर्यंत लेझीम खेळल्या. तोवर मला वारा फक्त बाहेरून माहीत होता.

दुसऱ्या दिवशी आलेले घड हिरवेच राहिले. कमिटी बसली. केळी पिकवायला मी निकामी, आणि खेळायचं म्हणाल तर आठ वर्षांत इथे कोणी खेळल्याची नोंद नाही. सुंदरबाईंनी बोलायला हात वर केला. तो ठरावाच्या बाजूने मोजला गेला. म्हणून एकमत.

मित्रांनो, एखादी इमारत ज्यासाठी बांधली, त्यासाठी तिला एखाद्या दिवसापेक्षा थोडं जास्त वापरा. एवढंच माझं सांगणं. मला हात जोडता येत नाहीत, म्हणून लेखी देते.

तरी माननीय कमिटीस नम्र विनंती की, मला पाडतेवेळी पूर्वेकडील खिडकी वगळून पाडावे, व सदर खिडकी आहे त्या जागी, आहे त्या उंचीवर, मुलींसाठी उघडी ठेवावी.