खुणांची स्थळप्रत

तात्यांनी सांगितलं होतं ते एवढंच, की वाचनालयाच्या संगणकावरचं अक्षर जरा मोठं कर.

काम दोन मिनिटांचं होतं. हेरंबने त्याला अख्खा रविवार दिला, कारण दोन मिनिटांत होणाऱ्या कामात त्याचं मन रमत नसे.

हेरंब धैर्यवान लोअर परळच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होता. वय सत्तेचाळीस, राहायला दादरला. या वयात कोणी उपास धरतात, कोणी ट्रेकिंग. हेरंबने व्रत घेतलं होतं की संगणकात हाताने काही बसवायचं नाही. लोक मजकूर लिहायला एडिटर घेतात, त्याला आज एक प्लगिन म्हणजे पुरवणी जोडतात, उद्या दुसरं, आणि वर्षभराने काय कधी का जोडलं हे कोणालाच आठवत नाही. हेरंबच्या नव्या पंथात सगळं एकाच फाइलीत असे. कसं करायचं ते तिथे लिहायचं नाही, काय असायला हवं तेवढंच लिहायचं. अमुक एडिटर, तमुक प्लगिन, रंग असा, समास तसा. मग आज्ञा दिली की पॅकेज मॅनेजर ती फाइल वाचतो आणि लिहिलंय ते आणून मांडतो. जे लिहिलेलं नाही, ते त्याच्या लेखी जगात नाही. सत्यनारायणाच्या यादीसारखंच हे. फरक इतकाच, की यादीत नसलेली सुपारी गुरुजी चालवून घेतात, हा घेत नाही.

तात्या म्हणजे हेरंबचे सख्खे काका. वय ऐंशी. मंत्रालयातून निवृत्त झाल्यावर, किंबहुना त्याच्याही आधीपासून, ते गिरगावात मुगभाटातल्या एका पहिल्या मजल्यावरच्या वाचनालयाचे मानद चिटणीस होते. अडतीस वर्षं. काकू गेल्यापासून सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायला त्यांना तेवढं एकच कारण उरलं होतं. ते पद या गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता जाण्याच्या बेतात होतं.

त्याचं असं झालं. वार्षिक अहवाल तात्या नव्हे, त्यांचा पुतण्या लिहितो, अशी हरकत गेल्या सभेत बंडू नवलकर यांनी घेतली. बंडू हे पंचाहत्तर वर्षांचे गृहस्थ. नाव वसंत, पण ते फक्त रेशनकार्डाला माहीत होतं. हरकतीत तथ्य नव्हतं, त्यामुळे ती एकमताने मंजूर झाली. ठरलं असं, की यंदा चिटणिसाने वाचनालयातच बसून, बंडूंच्या देखत, स्वतःच्या हाताने अहवाल लिहायचा आणि सभेच्या चौदा दिवस आधी, संध्याकाळी सहाच्या आत फळ्यावर लावायचा. न लावल्यास पद रिकामं समजावं. त्या रिकाम्या पदासाठी अर्ज एकच आला होता. तो बंडूंचा होता आणि त्यावर तारीख हरकतीच्या आदल्या दिवसाची होती.

तात्यांना याची काळजी नव्हती. त्यांच्या बोटांत संधिवात होता, पण एडिटरमध्ये खुणा होत्या. सहा वर्षांपूर्वी हेरंबने त्यांना एक प्लगिन जोडून दिलं होतं, ज्यात आखूड खूण लिहून टॅब दाबला की मागून लांबलचक मजकूर उमटायचा. तात्यांनी सहा वर्षांत स्वतःच्या हाताने दोनशे चौदा खुणा रचल्या. ‘सभ’ लिहिलं की ‘सालाबादप्रमाणे यंदाही वार्षिक सर्वसाधारण सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली’. ‘पाख’ लिहिलं की छपराच्या गळणाऱ्या पाख्याविषयी महापालिकेशी चाललेल्या पत्रव्यवहाराचा पूर्ण परिच्छेद. चौदा पानांचा अहवाल एकोणीस खुणांत बसे.

बुधवारी सकाळी तात्या बंडूंसमोर बसले, ‘सभ’ लिहिलं आणि टॅब दाबला. पडद्यावर ‘सभ’ राहिलं आणि त्याच्या पुढे थोडी मोकळी जागा आली.

“सुरुवात छान आहे,” बंडू म्हणाले.

अर्धी रजा टाकून हेरंब अकराला हजर झाला. खुर्चीत बसला आणि पाच मिनिटांत त्याचा चेहरा उतरला. रविवारी आज्ञा देताना मॅनेजरने त्याला अडवलं होतं: खुणांची फाइल इथे आधीच आहे, माझी ठेवली तर ती पुसली जाईल. हेरंबने तिथे ‘सक्तीने’ अशा अर्थाची एक ओळ टाकली होती. मग त्याच्या यादीप्रमाणे झालं. यादीत प्लगिन होतं. खुणा नव्हत्या.

“पण परत मागे जाता येतं ना?” तात्यांनी विचारलं. “तू रविवारी तीनदा म्हणालास.”

“येतं. प्रत्येक बदलाची एक पिढी राहते. मागच्या पिढीवर जायचं.”

“मग जा.”

“ही पहिलीच पिढी आहे, तात्या. तिच्या मागे काही नाही.”

“आमच्यासारखंच म्हणायचं,” बंडू वर्तमानपत्राआडून म्हणाले.

हेरंब गॅलरीत गेला आणि सुनेत्राला फोन लावला. बायकोला सांगितल्याशिवाय संकट अधिकृत होत नाही, असा त्यांच्या घरातला प्रघात होता.

“अक्षर मोठं करायला गेला होतास ना रे?” तिने विचारलं.

“हो, पण पद्धतशीर—”

“तुझ्या पद्धतीने आपला मिक्सर आठ दिवस उघडा पडला होता. आता काय, गेलं का काकांचं चिटणीसपद?”

“जाईल उद्या सहाला.”

“मग माझ्याशी काय बोलतोयस? आत जा. आणि पाया पडून माफी माग, तुझ्या त्या फाइलीत लिहून नको.”

हेरंब आत आला. पाया पडायला वाकणार तोच तात्यांनी कपाटाची किल्ली पुढे केली.

“खालचा कप्पा. निळी फीत.”

निळ्या फितीत एक फुलस्केप वही होती. तात्यांची पस्तीस वर्षं मंत्रालयात गेली होती, आणि तिथे कागद बाहेर जाण्याआधी त्याची एक प्रत कार्यालयात ठेवतात. तिला स्थळप्रत म्हणतात. ज्याची स्थळप्रत नाही तो कागद गेलाच नाही, असं तात्या मानत. संगणकात घातलेला मजकूर हा त्यांच्या दृष्टीने बाहेर गेलेला कागदच होता. तेव्हा सहा वर्षं त्यांनी प्रत्येक खूण आधी वहीत उतरवली होती: क्रमांक, खूण, पूर्ण मजकूर, तारीख, कारण. रद्द केलेल्या खुणेवर लाल रेघ आणि शेजारी सही.

हेरंबने वही चाळली. इंटरनेटवरच्या मंचांवर जगभरचे लोक एकमेकांना आपापल्या फाइली दाखवतात. त्याने शेकडो पाहिल्या होत्या. अशी एकही पाहिली नव्हती.

“तात्या, हे सगळं... कारणासकट?”

“कारणाशिवाय खूण कशाला करायची?” तात्या म्हणाले.

अर्ध्या रजेत हे मावणारं नव्हतं. गुरुवारी हेरंबने पूर्ण रजा घेतली आणि नऊ वाजता खुणा यादीत उतरवायला बसला; अहवालाला एकोणीसच लागत होत्या, पण अर्धवट यादी त्याच्या व्रतात बसत नव्हती. पन्नासावी खूण होते न होते तोच बंडू उठले.

“एक मिनिट. पुतण्या लिहितोय!”

“तो खुणा लिहितोय, बंडू. अहवाल मीच लिहिणार.”

“खुणांतूनच अहवाल निघतो ना? म्हणजे पीठ त्याने मळलं, पोळी तू लाटली. माझी लेखी हरकत घ्या.”

“घेतो. कागद तुझा आण.”

हेरंबचा हात थांबला. हरकत नोंदवली गेली की समिती बोलवावी लागणार, आणि समिती त्याच दिवशी जमल्याचं एकही उदाहरण वाचनालयाच्या इतिहासात नव्हतं.

“निदान बघू तर दे, काय खुणा आहेत,” असं म्हणत बंडूंनी वही ओढून घेतली. चष्मा पुसला. पानं उलटली. मग एका पानावर ते बराच वेळ थांबले.

त्या पानापासून पुढे दुखवट्याचे ठराव होते. तात्यांनी एकतीस सभासदांचे ठराव तयार ठेवले होते. त्यांतले सत्तावीस सभासद हयात होते. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच नोंद होती: ‘ऐनवेळची धावपळ टाळणे’.

“मी आहे यात,” बंडू म्हणाले.

“सगळेच आहेत,” तात्या म्हणाले.

बंडूंनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. “‘कै. वसंत ऊर्फ बंडू नवलकर यांच्या निधनाने वाचनालयाचा एक जागरूक सभासद हरपला. नियमांवर त्यांची अढळ निष्ठा होती. त्यांच्या हरकतींमुळे कारभाराला वेळोवेळी शिस्त लागली.’” ते थांबले. “अढळ निष्ठा. हे तू लिहिलंस?”

“खोटं आहे का?”

“नाही, खोटं नाही.” बंडूंनी पुन्हा एकदा मनात वाचलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “पण नुसतं ‘सभासद’ रे तात्या? तुझ्यात बघ, ‘अडतीस वर्षे चिटणीस’. त्या पुरंदऱ्याच्यात ‘माजी उपाध्यक्ष’, आणि तो तर झोपायला यायचा इथे. माझी पोरं अमेरिकेत. ती वाचणार. त्यांना काय, बाप सभासद होता? पंचवीस रुपये भरले की कोणीही होतं.”

अडतीस वर्षांच्या सवयीने तात्यांना कळलं की विषयपत्रिकेवर नसलेला खरा विषय आता निघालेला आहे.

“म्हणजे तुला पद हवंय ते यासाठी?”

“दुसरं काय करायचंय मला? पाख्याचा पत्रव्यवहार?”

“हेरंब,” तात्या म्हणाले, “तुझ्या त्या पद्धतीत काय असतं? जे व्हायला हवं ते आधी लिहायचं?”

“हो. मग मॅनेजर बघतो, आहे त्यात आणि लिहिलंय त्यात फरक किती, आणि तेवढा भरून काढतो.”

“बरं आहे.” तात्यांनी वही आपल्याकडे वळवली, पेन काढलं आणि ‘एक जागरूक सभासद’ याच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं: ‘व माजी चिटणीस’. तारीख घातली. सही केली. “झालं. फरक आता समितीने भरून काढायचा. पुढच्या वर्षी मी अर्ज करत नाही, तू कर. अडतीसचे एकोणचाळीस होऊ देत, मग तू वर्षभर हो आणि माजी हो. पत्रव्यवहार मी करीन.”

“आणि त्याआधीच मी गेलो तर?”

“तर ठराव असाच जाईल. मी लिहिलेल्या ठरावाला आजवर कोणी हरकत घेतलेली नाही,” तात्या म्हणाले. “घेणारा तूच असतोस.”

बंडूंनी हिशेब मनात फिरवला. त्यात त्यांना खोट सापडेना, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

“पीठ कोणीही मळो,” ते शेवटी म्हणाले, “पोळी ज्याची त्याची. हरकत नाही.”

दोन वाजता दोनशे चौदावी खूण यादीत गेली. हेरंबने आज्ञा दिली. मॅनेजरने सगळं तपासलं आणि दुसरी पिढी तयार झाल्याचं कळवलं. तात्या खुर्चीत बसले, नाक पडद्याला लागेल इतके पुढे वाकले आणि ‘सभ’ लिहून टॅब दाबला. सालाबादप्रमाणे यंदाही सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. पावणेतीनला चौदा पानं झाली. सव्वातीनला बंडूंनी स्वतः फळ्यावर टाचण्या मारल्या, आणि एक वाकडी आहे म्हणून काढून पुन्हा मारली.

चहा येईपर्यंत हेरंब वही परत फितीत बांधत होता. शेवटच्या पानाजवळ त्याला पुन्हा आपलं नाव दिसलं. ठराव दोन ओळींचा होता. त्यातलं ‘संगणकाच्या कामी त्यांचे साहाय्य बहुमोल ठरले’ हे वाक्य खोडलेलं होतं आणि शेजारी बुधवारची तारीख होती. वहीतून यादीत उतरवताना त्याने घाईत हे वाक्य तसंच टाकलं होतं. काट पाहिली नव्हती.

“तात्या, ही काट...”

“पेन्सिलीची आहे,” तात्या बशीत चहा ओतत म्हणाले. “अक्षर मोठं केलंस की पुसू.”