वकिलाचा वाटा माझ्या पोटात

मी हारा बोलतोय. मासळीचा मोठा टोपला, बांबूच्या कामट्यांचा, धोंडूबाईच्या डोक्यावर बसून रत्नागिरी पाहिलेला. बुरडाने विणताना माझी एक कामटी मोकळी राहिली. तिने मी येणाऱ्याजाणाऱ्याची धोतरे ओढतो. जुनी खोड आहे, लाज नाही.

धोंडूबाई मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी घ्यायची आणि तरीतून, म्हणजे भाड्याच्या होडीतून, खाडी ओलांडून पलीकडच्या गावांत विकायची. तरीला माणशी एक पैसा. १९३१ साली तरीचा मक्तेदार भागोजीशेट याने कचेरीत अर्ज टाकला, की हाऱ्यालाही माणसासारखा पैसा लावावा. मला घटकाभर मान वाटला. पण जाता-येता दोन पैसे जास्त गेले, तर धोंडूबाईच्या चुलीवर काय शिजणार?

कचेरीत साहेब दोन्ही बाजू ऐकणार होते. मासळीवाल्यांच्या बाजूने बोलायला मोरोपंत वकील कबूल झाले. कोट एकच, तोही मी उसवलेला. त्यांनी फी मागितली नाही. पण एक तारीख म्हणजे त्यांचा आख्खा दिवस. तो भरून कोणी द्यायचा?

बायकांनी आपल्या रीतीने सोडवले. होडी लागली की होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा वेगळा काढतात. तसा वकिलाचा वाटा काढला. तारखेच्या दिवशी प्रत्येकीने एकेक मासा माझ्यात टाकायचा. पंत ब्राह्मण, त्यांच्या घरी मासळीचा वाससुद्धा चालत नाही, हे एकीच्याही डोक्यात आले नाही. पंत म्हणाले, तुम्हीच विकून पैसे आणा. बायका म्हणाल्या, छे, ज्याचा वाटा त्यानेच विकायचा. शेवटी पंत स्वतः मिरकरवाड्यावर उभे राहिले, एका हाताने नाक धरून, दुसऱ्या हातात बांगडा. हसून हसून माझ्या दोन कामट्या तुटल्या.

भागोजीशेट पक्का. दर खेपेला कागद घरी विसरायचा आणि पुढची तारीख मागायचा. अशा तीन गेल्या. मला एका जागी बसवत नाही. कचेरीच्या ओट्यावर मी नुसता करकरत होतो. बायकांचा धंदा बुडत होता, पंतांचे बाकीचे अशील पळत होते. त्यांनी धोंडूबाईला खाली मान घालून सांगितले, आणखी एक तारीख पडली तर मला यायला जमायचे नाही.

चौथ्या तारखेला दुपार टळली तरी पुकारा नाही. ऊन मे महिन्याचे. पुकारा झाला तशी धोंडूबाईने मला थेट साहेबांच्या टेबलापाशी नेऊन ठेवले. शेट उठला आणि पुढची तारीख मागू लागला. मी मनापासून घमघमलो.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. "हे आधी बाहेर न्या."

"नेते ना, सायेब," धोंडूबाई म्हणाली. "पन ह्यो आमच्या वकिलाचा वाटा हाय. शेट तारीख मागतो नि ह्यो कुजतो. कुजल्याचं कोन देनार?"

साहेबांनी रुमाल न काढताच माझ्यात डोकावून पाहिले. मग कारकुनाला लिहून घ्यायला सांगितले: चारही तारखांचा पंतांचा खर्च शेटने द्यावा, आणि सुनावणी आत्ताच. तासाभरात निकाल झाला. हाऱ्याला पैसा नाही.

मासळी कचेरीच्या मांजरांनी खाल्ली. शेट तणतणत निघाला तेव्हा त्याच्या धोतराला माझी कामटी लागलीच.

आता माझे बूड गेले. अंगणात उपडा पडलोय, पोटाखाली अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी. तरीचा हाकारा ऐकला की अजून चुळबुळतो आणि कोंबडी मला टोचते. एकच मागणे आहे. तुमच्यासाठी कोणी कचेरीत उभा राहिला, तर त्याचा वाटा आधी काढा. फक्त तो काय खातो, तेवढे विचारून घ्या.