सम्मेदचा फोन

साडेचार वाजता ओढ्याअलीकडच्या उसात एक निळा पत्रा येऊन पडला. ओढ्यापलीकडं निळ्या पत्र्याचं बेदाणा शेड एकच, राजमतीचं. आणि शेडावर तिचा मुलगा सम्मेद एकटा होता.

ही खबर शेजारच्या लालासाहेबांनी आणली. डोक्यावर पोतं घेऊन ते पळतच आले.

"वैनी, पोरगं आलं का घरी?"

"न्हाई. का वो?"

त्यांनी पत्र्याचं सांगितलं. राजमतीनं फोन उचलला. पलीकडून बाई बोलली, नंबर बंद आहे किंवा कव्हरेज क्षेत्राबाहेर आहे. राजमतीच्या कानात 'बंद' तेवढं शिरलं.

तीन दिवस मोबाईलवर हवामानाचा इशारा येत होता. सांगली, सातारा, विजा, गारा, सोसाट्याचा वारा. पहिले दोन दिवस सम्मेदनं शेडाच्या चारी बाजूंनी प्लॅस्टिकचा कागद सोडला, आणि थेंब पडला नाही. उलट आत वारा कोंडून रॅकवरची अर्धवट वाळलेली द्राक्षं चिकट झाली. म्हणून आज त्यानं कागद वर गुंडाळून ठेवला होता. दुपारी दक्षिणेकडून काळं उठलं, तसा तो गाडीकडं धावला.

"काल पिवळा म्हणत हुतं, आज नारंगी," राजमती म्हणाली होती. "नुसतं रंग बदलत्यात. नगं जाऊ."

"आई, माल भिजला तर काळा पडंल. कागद सोडतो नि आलोच."

"दिवस मावळायच्या आत जेवायला ये. आन् इजा चमकाय लागल्या की फोन बंद कर. फोनवर ईज पडती."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणीबी सांगू दे. बंद कर म्हंजे कर. माझी शपत हाय."

"करतो गं बाई," म्हणत त्यानं किक मारली होती.

आता गारा घराच्या पत्र्यावर मूठमूठभर फेकल्यासारख्या आदळत होत्या. राजमती चौकटीला धरून उभी होती.

"मीच सांगितलंय त्याला बंद ठेव म्हणून," ती लालासाहेबांना म्हणाली. "जल्मात माझा शबूद ऐकला न्हाई. आज ऐकलाय, दुसरं काय न्हाई."

"मग झालं तर. उगं कशाला घोर करताय," लालासाहेब म्हणाले. पण ते बसले नाहीत.

तेवढ्यात तिचा नवरा अजितकुमार कुपवाडहून कामावरनं आला. अंगावरून पाणी निथळत होतं.

"सम्मेद?"

"शेडावर हाय. फोन बंद लागतोय. मीच बंद ठेव म्हणलंय, आवं."

त्यानं बायकोकडं नीट पाहिलं. "बरं केलंस," एवढंच म्हणाला आणि लालासाहेबांना घेऊन तसाच ओढ्याकडं निघाला.

राजमतीनं दर थोड्या वेळानं फोन लावला. बाई 'बंद' म्हणाली की तिला धीर यायचा. पोरगं कुठंतरी आडोशाला बसलंय, शपथ पाळतंय.

पाऊस ओसरता लालासाहेब एकटेच परतले. अजितकुमार ओढ्याच्या काठावरच थांबला होता.

"गाडी पल्याडच्या काठावर उभी दिसतीया. शेड निम्मं झोपलंय. लय हाका मारल्या, पर पाण्याच्या आवाजात काय ऐकू येईना. पाणी छातीच्या वर हाय, आत उतरता येत न्हाई."

"फोन बंद ठेवलाय त्यानं," राजमती म्हणाली.

लालासाहेबांनी पोतं पिळलं. "वैनी, माळावरचा टॉवरच बंद पडला हुता. तिकडं कुणाचाच फोन लागत नव्हता. आत्ता झालाय चालू."

राजमतीनं नंबर लावला. बाई बोलली नाही. रिंग वाजायला लागली.

ती शेवटपर्यंत वाजली. तिनं परत लावला. परत वाजली.

सहा वाजेपर्यंत फोन कोणी उचलला नव्हता. ओढ्याचं पाणी अजून चढत होतं.