दहापैकी चार

आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं शाळेत कवायत शिकवली आणि एकतीस वर्षांत एकाही मुलाला दहापैकी सातच्या वर मार्क दिले नाहीत. शर्यतीत सगळ्या शाळांमधून पहिल्या आलेल्या पोरालासुद्धा साडेसहा. "मग दहा कोणासाठी?" असं मी एकदा विचारलं होतं. "दहा द्यायचे नसतात, ठेवायचे असतात," म्हणाले. तेव्हा मला हसू आलं होतं.

आता येत नाही. हाडांच्या दवाखान्यात दुखण्याला मार्क द्यावे लागतात, हे मला त्या दिवशी बाहेरच्या बाकावर कळलं. शेजारी एक बाई कुबड्या मांडीवर आडव्या ठेवून बसली होती. तिने समजावलं, "मोठे डॉक्टर विचारतात, दहापैकी किती दुखतं. सात किंवा वर सांगितलं तर ऑपरेशनच्या यादीत नाव लागतं. खाली सांगितलं की गोळ्या, आणि सहा महिन्यांनी या." ही तारीख मिळायलाच आम्हाला पाच महिने लागले होते.

ह्यांचा उजवा खुबा पार झिजला आहे. सकाळी पलंगावरून उठायला पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ तोंडात टॉवेलचं टोक धरलेलं असतं. मोजे मी घालते. झोपायच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत भिंत धरून धरून जातात, त्यामुळे भिंतीवर हाताच्या उंचीला एक मळकट पट्टा उमटलाय. दोनदा रंग दिला, दोनदा परत उमटला. ती भिंत उचलून दवाखान्यात नेता आली असती तर एक शब्द बोलावा लागला नसता.

"अहो, ऐकलंत ना त्या काय म्हणाल्या? किमान आठ सांगा."

"आठ?" हे माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी पेपर फोडायला सांगतेय. "आठ म्हणजे माणूस आडवा. मी बसलोय की इथे."

"बसलाय म्हणजे काय, मी आणि टॅक्सीवाल्याने मिळून बसवलंय तुम्हाला."

"बरं बरं, बघतो."

लोक घरात वाघ आणि बाहेर शेळी असतात. आमच्याकडे सगळं उलटं. घरात कण्हतील, माझ्या खांद्यावर भार टाकतील, पण चार माणसांत गेले की पडलो तरी नाक वर.

आमचा नंबर पुकारला. डॉक्टर तरुण होते, आमच्या मुलाच्या वयाचे, आणि मुद्दाम सांगते, चांगले होते. उठून उभे राहिले, म्हणाले, "या सर, बसा." झालं! 'सर' ऐकलं आणि ह्यांची पाठ ताठ झाली.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. "सर, सांध्यात फट उरलेलीच नाही. दुखत असेल खूप. दहापैकी किती मार्क द्याल?"

ह्यांनी चक्क विचार केला. प्रामाणिकपणे, डोळे मिटून. मग म्हणाले, "चार."

"डॉक्टर, ह्यांचे चार म्हणजे..." मी तोंड उघडलं.

"काकू, एक मिनिट. पेशंटला बोलू द्या." आवाज गोड होता, पण दार लागलं ते लागलंच. "सर, त्या पिवळ्या पट्टीवरून भिंतीपर्यंत चालून दाखवता?"

फरशीवर सरळ पिवळी पट्टी होती, मैदानावर फक्कीने आखतात तशी. हे टेबलाला धरून उभे राहिले. काठी माझ्या हातात दिली. मी ती परत त्यांच्या हातात कोंबायला बघत होते, तर माझा हात बाजूला केला. छाती पुढे, नजर समोर, आणि निघाले. सरळ. पट्टीवरून पाऊल ढळलं नाही. भिंतीशी जाऊन वळले तेसुद्धा टाचेवर, तीस पोरांना वळून दाखवायचे तसेच. कपाळावरून घाम कानापर्यंत ओघळला होता. तो मला दिसत होता. डॉक्टर तेव्हा लिहीत होते.

"व्वा सर! एक्स-रे वाईट आहे, पण आम्ही एक्स-रेचं ऑपरेशन करत नाही, माणसाचं करतो. तुम्ही अजून छान चालताय. गोळ्या देतो. सहा महिन्यांनी भेटू."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, तसं झालं. इथे तर पाय दाखवून.

ह्यांना बाहेर बाकावर बसवून मी नोंदणीच्या खिडकीशी गेले. तिथल्या मुलीला सगळं सांगितलं, टॉवेलचं, मोज्यांचं, भिंतीचं. तिने पडद्यावर आमचं नाव काढलं. म्हणाली, "काकू, मला पटतंय हो. पण कम्प्युटरमध्ये चार भरलेत. बदलायचे तर काकांनी स्वतः आत जाऊन सांगायला हवं. डॉक्टर अजून अर्धा तास आहेत."

मी धावत बाकाशी आले. "अहो, उठा. आत जाऊन खरं काय ते सांगा. एवढंच करायचंय."

"काय सांगू? मघाशी खोटं बोललो म्हणून?"

"हो, तेच सांगा!"

त्यांनी मान खाली घातली. मग अगदी हळू म्हणाले, "अगं, उठता येत नाहीये."

मी बगलेत हात घातला, ओढलं. शेजारचा एक माणूस मदतीला आला. हे अर्धे उठले आणि तसेच खाली बसले. ओठ पांढरे पडले होते. चाकाची खुर्ची मागितली तर ती वर गेली होती. ती येईपर्यंत अर्धा तास होऊन गेला आणि डॉक्टर मागच्या दाराने गेले. मला रडू येत होतं आणि ह्यांना धरून गदागदा हलवावं असंही वाटत होतं. दोन्हीपैकी काही करता आलं नाही, कारण त्यांचं सगळं वजन माझ्या हातावर होतं.

टॅक्सीत मी त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला. तोंडात धरलेला रुमाल त्यांनी काढला आणि त्याची घडी केली.

"चाललो मात्र बरोबर ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर चाललात," मी म्हटलं. मग राहवलं नाही. "आता तरी खरं सांगा. किती?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "नऊ."

"मग दहाच म्हणा की!"

"नको. एक राहू दे," ते म्हणाले. "अजून सहा महिने काढायचेत."