कागदी लिंबू

"शालूबाई पुंजाजी हाज्जीर हो!"

शिपायाची हाक चिखलीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात घुमली आणि शालूबाई पदर सावरत उठली. हाक नवी नव्हती. उंद्रीतल्या तिच्या मळ्यावर चुलतदीर नारायणरावानं दावा ठोकला होता. ठोकायचा, तारखांना फिरकायचं नाही, कोर्टानं खारीज केला की आजारपणाचा नाहीतर गाडी बिघडल्याचा अर्ज देऊन पुन्हा उठवायचा. त्यापेक्षा भूत परवडलं, निदान ते अमावस्या तरी पाळतं! नारायणरावाला जिंकायचं नव्हतंच. बाई थकून कधी मळा विकते, तेवढीच तो वाट पाहत होता.

आणि बाई खरंच थकली होती. रस्त्यावर मोटरसायकल वाजली की नोटीस घेऊन बेलीफच आला असं वाटे. तिच्या नवऱ्याला, पुंजाजीला, कागदी लिंबाची बाग लावायची होती. तो गेला, मागे ती नुसती मेथी आणि सांबार म्हणजे कोथिंबीर पेरत राहिली. कोथिंबीर महिन्याभरात हाती येते, लिंबू चार वर्षं मागतं. तोवर मळा आपला राहील हे कोण सांगणार?

"मावशी, विचारल्याशिवाय बोलू नका," तिच्या वकील पुष्पांजली मॅडमनी बजावलं. शालूबाईनं पदर तोंडाशी धरला.

नारायणरावाचा वकील नवा अर्ज वाचू लागला. "गेल्या पंधरवड्यातील तारखेस अर्जदाराच्या मातोश्री सुभद्राबाई यांचे निधन झाल्यामुळे अर्जदार हजर राहू शकला नाही..."

पदर सुटला. "अगं माय! सुभद्राकाकू गेल्या? मंग आमाले सुतक काऊन नाही सांगतलं कोणी? आमी त्यायच्याच भावकीतले ना!" आणि मग तिला आठवलं. "पण काल तं माह्यापासून सांबार नेला त्यायनं! जुडी बारीक हाय म्हणून भांडल्या बी!"

कोर्टात हशा पिकला. आता आपल्यालाच आत टाकतात, या भीतीनं शालूबाई भिंतीला टेकली. न्यायाधीशांनी मात्र नारायणरावाच्या तेल लावून चापून बसवलेल्या दाट केसांकडे पाहिलं.

"मुंडण केलं नाहीत?"

नारायणरावाचा हात डोक्याकडे गेला. अर्ज फेटाळला गेला, आणि खोट्या शपथेबद्दल नोटीस आता त्यालाच निघाली.

बाहेर पायऱ्यांवर तो जवळून गेला. "वहिनी, वरतं बुलडाण्याचं कोर्ट हाय अजून," हळूच म्हणाला.

"खरंच जाईन का हो तो?" शालूबाईनं विचारलं.

"जाऊ शकतात, मावशी. पण तिथं त्यांचा अर्ज टिकणार नाही," मॅडम म्हणाल्या. शालूबाईला 'जाऊ शकतात'च्या पुढचं ऐकूच आलं नाही.

तरी येताना तिनं धीर करून लिंबाची रोपं आणली. लेकीनं, मंजुश्रीनं, आनंदानं खड्डे खोदून दिले.

सकाळी मंजुश्री मळ्यात आली. रोपं खड्ड्यांत ओळीनं उभी होती, काळ्या पिशव्यांसकट.

"आई, पिशव्या काऊन नाही फाडल्या? मुळं कोंडतीन ना!"

"राहू दे. उद्या उचलाची पाळी आली तं उचलता येतीन."

रस्त्यावर मोटरसायकल वाजली. ती पार दूर जाईपर्यंत शालूबाई हातात तांब्या धरून उभी राहिली. मग वाकून तिनं पुढच्या पिशवीत पाणी घातलं.